अकरा गावांची वही

आपल्याला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नाही, असं धम्मदीना मेश्राम अभिमानाने सांगायची. बहिणीने नागपुरात तीन मजली घर बांधलं तेव्हा नाही, मैत्रिणीचा मुलगा डॉक्टर झाला तेव्हाही नाही. तो वाटला बावन्नाव्या वर्षी, न्यूझीलंडमधल्या न्यू लिनच्या एका वृद्धाश्रमात, आणि तोही एक्क्याऐंशी वर्षांच्या जर्मन म्हाताऱ्यावरून. कुणाला सांगायचीही सोय नाही, असं प्रकरण.

म्हातारा म्हणजे नऊ नंबरच्या खोलीतला हेल्मुट ब्रांट. न्यूझीलंडला येण्यापूर्वी तो उत्तर जर्मनीत, एल्मरबेक नावाच्या आम्टमध्ये कारकून होता. आम्ट म्हणजे आपल्या तालुक्याचं धाकटं भावंड: अकरा गावं, त्यांची मिळून एक कचेरी, जन्म-मृत्यूच्या नोंदी तिथंच. १९७० साली सरकारने ते मोडलं. सहा गावं पूर्वेच्या शहराला जोडली, पाच पश्चिमेच्या. कचेरीला कुलूप लागलं आणि ब्रांटने जहाजाचं तिकीट काढलं.

धम्मदीना त्या वृद्धाश्रमात सोळा वर्षं नर्स होती. दुपारच्या गोळ्या द्यायला गेली की ब्रांट तिला बसवून घ्यायचा आणि इंग्रजीत आम्टचा इतिहास सांगायचा. १९११ च्या आगीत नोंदवह्या जळाल्या, तेव्हा कारकुनाच्या बायकोने घरोघरी फिरून अकरा गावांची माणसं पुन्हा कागदावर आणली. युद्धानंतर निर्वासित आले आणि एकेका चुलीवर तीन-तीन घरांचा स्वयंपाक होऊ लागला. हिटलरच्या बारा वर्षांबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. ज्यांना उचलून नेलं त्यांची नावं नोंदवहीतून खोडणारा हात त्याच्या वडिलांचा होता.

"लिहून ठेव," तो म्हणायचा. "हे कुणी लिहिलंच नाही."

तिने लिहिलं. दोन वर्षं एका वहीत लिहिलं, आणि मराठीत, कारण भरभर लिहायला तिला तीच भाषा यायची. ब्रांटला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कारकुनाची सवय जाते कुठे? प्रत्येक पानाखाली तो तारीख घालून सही करायचा.

मग मे महिन्यात तो पडला, इस्पितळात महिनाभर राहिला आणि येताना इंग्रजी तिथंच टाकून आला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आईची भाषा तेवढी शिल्लक राहते. धम्मदीना समोर बसली की तो परक्या माणसाकडे पाहावं तसा पाहायचा.

नेमकी तेव्हाच सानिका नोकरीला लागली. पुण्याची, सत्तावीस वर्षांची, शाळेपासून जर्मन शिकलेली. पहिल्याच दिवशी ती नऊ नंबरमध्ये जाऊन काहीतरी बोलली आणि ब्रांट खळखळून हसला. दोन वर्षांत तो धम्मदीनाजवळ असा हसला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, काका हीप्स बोलतात हो, नुसतं ढीगभर! सो स्वीट," सानिका चहाच्या वेळी म्हणाली.

"बोलतील. तुला दुसरं काम नाही का?"

"पण रोज एका वहीबद्दल विचारतात. अक्षरशः रडतात. गावं मोजायला लागतात, आठपर्यंत येतात आणि अडकतात. तुम्हाला माहितीये का काही?"

वही धम्मदीनाच्या लॉकरमध्ये, डब्याच्या पिशवीखाली होती.

"कसली वही? या वयात डोकं ठिकाणावर राहते का कोणाचं!" ती म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

तीन आठवडे तिने वही दाबून ठेवली. दिली की ही पोरगी ती धडाधड वाचून दाखवणार आणि म्हातारा पुरता तिचाच होणार. मग आपल्या वाट्याला काय? गोळ्या आणि ओल्या चादरी. नऊ नंबरमधून सानिकाचं जर्मन ऐकू आलं की ती मुद्दाम ट्रॉली दणदण आपटत जायची.

एका दुपारी ती आत गेली, तर ब्रांटने सगळं कपाट उपसलं होतं. गादी अर्धी जमिनीवर. तिला पाहताच तो दचकला, ताठ उभा राहिला आणि मान खाली घालून जर्मनमध्ये कसलासा खुलासा करू लागला. तिला शब्द कळला नाही, पण तो चेहरा कळला. तिचे बाबा नागपूरला कचेरीत कारकून होते. एकदा फाइल गहाळ झाली तेव्हा ते साहेबांसमोर असेच उभे राहिले असतील. इथं फाइल चोरणारी ती होती.

ती तडक लॉकरकडे गेली आणि वही आणून, सानिकाला नऊ नंबरमध्ये बोलावून तिच्या हातात कोंबली.

"घे. वाचून दाखव त्याला."

"अय्या, मराठीत? ताई, तुम्ही तर म्हणालात की—"

"खोटं बोलली मी. जळत होती तुझ्यावर. वाच आता."

सानिका अडखळत, मराठीचं जर्मन करत वाचू लागली. ब्रांट पलंगावर बसला. अकरा गावं त्याने बोटांवर मोजून घेतली, शेवटच्या गावाला त्याचे डोळे भरले, आणि त्याने हात धरले ते सानिकाचे. धम्मदीना दाराशी उभी होती. शब्द माझे, दोन वर्षं माझी, आणि हात हिचे! वही हिसकावून घ्यावी असं तिला वाटलं.

तेवढ्यात ब्रांटने तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"काय म्हणून राहिला तो?"

"मी सांगितलं, हे सगळं यांनी लिहिलं. तर विचारतात, या बाई आपल्या अकरांपैकी कोणत्या गावच्या."

"नागपूर सांग."

सानिकाने सांगितलं. ब्रांटने पुन्हा बोटांवर गावं मोजली आणि गंभीरपणे उत्तर दिलं.

"म्हणतात, ते गाव आपल्याकडे नव्हतं. पण कामाला चोख आहेत. यांना कचेरीतून जाऊ देऊ नका."

धम्मदीना पलंगाजवळ आली.

"ऊठ त्या खुर्चीतून," ती सानिकाला म्हणाली. "आणि 'मी कुठंच जात नाही' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं, ते शिकव मला."