नाव घातलेली वाटी

सरकारच्या एका योजनेत माझा एक शब्द आहे. मी लिहिलेला नाही, माझ्यामुळे लिहावा लागलेला. तो कसा शिरला ते सांगते, पण आधी मुलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई सरकारदरबारी करत तरी काय होती.

माझी थोरली मुलगी मतिमंद. तेव्हा असंच म्हणत. पुढे अधिकारी बदलला की शब्द बदलायचा, आणि नवा शब्द माझा पाठ होईपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली व्हायची. ती विशेष शाळेत होती तोवर बरं चाललं. शाळेला अनुदान होतं, रिक्षा होती, जीव लावणाऱ्या बाई होत्या. अठरा पूर्ण झाली आणि सगळं थांबलं. जणू सरकारच्या लेखी आमची मुलं अठराव्या वाढदिवशी बरी होतात! मग ती घरी. तिला उठवणार मी, वेणी घालणार मी, ताटातली पोळी मोडून घास करून ठेवणार मी. ती तिशीला टेकली तरी माझं घास मोडणं सुरूच. आणि जरा पाठ टेकली की एकच विचार, आमच्यामागे हिचं काय?

आमच्यासारख्या आईबापांचा एक गट होता नाशकात. महिन्यातून एकदा जमायचो, रडायचो, चिवडा खायचो आणि घरी जायचो. नव्वदच्या दशकात अपंगांसाठी कायदा झाला आणि जरा वारं फिरलं. कचेरीतून निरोप आला, मोठ्या मुलांच्या राहण्याचा आराखडा करायचाय, पालकांचं म्हणणं ऐकायचंय. गटातल्या शिकल्यासवरल्या बायकांनी मला पुढे ढकललं. माझं शिक्षण सातवी. बाकीचं मी भेळेच्या कागदांवरून वाचून वाचून केलेलं. पण मी गप्प बसू शकत नाही, ही माझी पात्रता सगळ्यांना ठाऊक होती.

मीटिंगला गेले तर साहेबांनी भिंतीवर मोठा नकाशा लावलेला. शहराबाहेर इमारत, लांबलचक खोल्या, ओळीनं खाटा, भोवती कुंपण. कांद्याची चाळ असते ना, तशी दिसत होती. साहेब काडीनं खाटा दाखवत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पदर खोचून उभी राहिले.

"साहेब, खाटा कशाला मोजताय? माणूस खाटेवर राहत नाही, शेजारात राहतो. इमारत नको, गल्लीतलं घर द्या. शेजार द्या. तिघी-चौघी राहतील, आपलं आपण रांधतील. करपलं तर करपलेलं खातील. आणि आम्हा आयांना दाराबाहेर ठेवा. आम्हीच त्यांना मोठं होऊ देत नाही!"

टाळ्या पडल्या. कोपऱ्यात एक तरुण अधिकारी मॅडम बसल्या होत्या, त्या भराभरा लिहून घेत होत्या. मला वाटलं, आपण भाषण नाही केलं, गोदावरीवर नवा पूलच बांधला.

परत येताना रिक्षात यजमान म्हणाले, "वा! आयांना दाराबाहेर ठेवा. आज सकाळी तिच्या ब्रशवर पेस्ट कोणी लावली होती?"

"ते मीटिंगच्या आधीचं झालं," मी म्हटलं.

सरकारचं काम म्हणजे मंद आचेवरचं दूध, उभं राहून बघाल तर तापतच नाही. वर्षं गेली. माझे केस पिकले, साहेब निवृत्त झाले. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी मंजुरी आली. प्रयोग म्हणून एकच घर, एक वर्ष. वर्षाअखेरी तपासणी. जमलं तर अनुदान कायमचं, आणि सटाण्याकडे, सुरगाण्याकडेही अशी घरं निघणार. नाही जमलं तर मुली घरी परत, आणि तो खाटांचा नकाशा कचेरीतल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला होताच. अटी सगळ्या माझ्याच भाषणातल्या. घर गल्लीत हवं. मदतीला एक ताई, पण स्वयंपाक मुलींनी करायचा. आईबापांनी फक्त रविवारी यायचं.

घर मिळालं पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. तळमजला, दोन खोल्या, पुढं ओटा. राहायला तिघी. एक माझी मुलगी. दुसरी सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याची बहीण, अहिराणी बोलणारी आणि कुणालाही न भिणारी. तिसरी फारशी बोलायची नाही, नुसती हसायची. समोरच्या घरात पूजा सांगणारे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, त्यांना मी वहिनी म्हणायची. वहिनी म्हणजे लोणी. कुणी रडवेलं तोंड केलं की वितळायच्या.

मुलीला तिथं सोडून आले आणि घरी माझे हातच मोकळे पडले. जेवायला बसले आणि यजमानांच्या पोळीचे घास मोडून ठेवले. ते म्हणाले, "मला दात आहेत अजून."

काही दिवस मी दम धरला. यजमान म्हणतात, दिवस नव्हे, तास. मग मी वहिनींना गाठलं आणि रडवेलं तोंड केलं.

"वहिनी, आईनं डबा दिला तर नियम मोडतो. पण शेजारणीनं वाटी दिली तर कोण काय म्हणेल? शेजार आहे की नाही? मीच तर तो सरकारकडून मागून घेतलाय!"

वहिनी वितळल्या.

झालं, माझी वाटी सुरू झाली. वाटी कसली, झाकणाचा वाडगाच. आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या तोंडाशी भाजीवाली बसते. रोज तिच्या समोरून पिशवी घेऊन मी पंचवटीला जायची, भाजी आणायला! ती म्हणायची, "आजी, माझ्या भाजीला काय विंचू चावला का?" पिशवीतली वाटी वहिनींकडे द्यायची, ओढणी घेतल्यासारखा पदर तोंडावर ओढून बोळातून पळायचं. वहिनी दुपारी ती मुलींना नेऊन द्यायच्या. दुसऱ्या दिवशी वाटी वहिनींकडून मला परत. आणि ती कधी रिकामी आली नाही हो! शेजारची वाटी रिकामी पाठवू नये, हे मीच मुलीला लहानपणी शिकवलेलं. कधी मूठभर साखर, कधी पेरू, एकदा अर्धी काकडी, तीही कुणीतरी चावून बघितलेली. मी ती काकडी घरी आणून देवापुढे ठेवली. यजमान म्हणाले, "देवाला उष्टी?" मी म्हटलं, "शबरीची चालली की." काकडी पंचवटीतली, एवढं बोलायचा हक्क आहे आपल्याला.

तपासणी आली भाद्रपदात. अधिकारी त्याच, कोपऱ्यात लिहून घेणाऱ्या मॅडम, आता मोठ्या हुद्द्यावर. पालकांनाही बोलावलं होतं. मुली मॅडमसमोर स्वतः रांधून जेवणार होत्या. खिचडीचा बेत. मला झोप येईना. खिचडी लागली खाली तर? कच्ची राहिली तर? त्या एका कुकरवर माझ्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य होतं. म्हणून सकाळीच मी माझा हुकमी पदार्थ केला. वांग्याचं भरीत. चुलीवर भाजल्यासारखं धुरकट, वर कांदा, लसणाची फोडणी. वाटी वहिनींकडे पोचवली आणि मग इस्त्रीची साडी नेसून, काही माहीत नसल्यासारखी, यजमानांबरोबर मुलींच्या घरी जाऊन बसले.

मॅडमनी सगळं पाहिलं. खिचडी झाली होती, जराशी करपली होती, पण झाली होती. मग त्यांची नजर स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या वाटीवर गेली.

"हे काय?"

"भरीत," मुलगी म्हणाली. "समोरच्या काकूंकडून आलं."

"गुरुजींच्या घरून," ताईंनी भर घातली.

मॅडमनी झाकण उचललं, वास घेतला. "गुरुजींच्या घरून? चातुर्मासात वांगं? आणि वर कांदा-लसूण?"

बघा आता! एवढी हुशार मी, सरकारच्या कायद्यातून पळवाट काढणारी, आणि चातुर्मास विसरले. आमच्या घरी पाळत नाहीत ना. तेवढ्यात दाराशी उत्सुकतेनं उभ्या असलेल्या वहिनी कानाला हात लावून आतच आल्या.

"शिव शिव! आमच्या घरात नाही हो शिजलं हे! मी झाकणसुद्धा उघडलं नाही कधी! ह्यांनाच विचारा!" आणि बोट माझ्याकडे. साक्षीदार चौकशीआधीच फुटला.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मुलगी उठली. तिनं वाटी घेतली, मॅडमसमोर धरली आणि कडेवर बोट ठेवलं.

"हे माझं नाव. ही माझी वाटी. आईच्या घरातली."

तिच्या बारशाला तिच्या मामानं वाट्यांचा संच दिला होता, नाव घालून. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे, मी कशाला वाचत बसते! आणि शाळेत इतकी वर्षं जाऊन तिला जो एक शब्द पक्का वाचता यायचा, तो तिचं नाव.

"तुला कधी कळलं?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. जरा हळू बोलली, जसं आजारी माणसाबद्दल बोलतात. "तिला करमत नाही. म्हणून घेतो आम्ही."

"आणि खाता?"

"आमचं आम्ही जेवतो आधी. मग ताई घरी नेतात."

ताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या सुनेला लय आवडतं हो."

म्हणजे वर्षभर मी सिडको ते पंचवटी हेलपाटे घातले ते ताईंच्या सुनेसाठी! वर ती सटाण्याची म्हणाली, "भाजीमा मीठ कमी शे. रोजच."

मला हसू येईना, रडू येईना. माझ्या डोळ्यांपुढे तो नकाशा, त्या खाटा. म्हटलं, संपलं. हिचं घर आपल्या हातानं मोडलं.

"मॅडम," मी म्हटलं, "चूक माझी. मुलींना त्याची शिक्षा नको. हवं तर मला रविवारीसुद्धा बंद करा."

मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी ताट वाढून मागितलं. खिचडीचा घास घेतला, करपलेला. तोंड वाकडं केलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, तपासणी ह्यांची होती. ह्या रांधतात, शेजार ठेवतात, कुणाला करमत नाही तेही ह्यांना कळतं. ह्या पास. तुमचं काय करायचं तेवढं सांगा. 'आयांना दाराबाहेर ठेवा,' असं मीटिंगमध्ये कोण बोललं होतं?"

यजमान एवढ्या जोरात हसले की वहिनीही हसल्या.

अनुदान मंजूर झालं. आदेशात जुनी अट नव्यानं लिहून आली होती. पालकांकडून शिजवलेलं अन्न प्रत्यक्ष अथवा शेजारामार्फत येऊ नये. तो 'शेजारामार्फत' माझा. पुढे सटाण्याकडे घर निघालं, तिथंही ही अट तशीच गेली. तिथली एक आई मला कळवळून म्हणाली, "ताई, हे शेजाराचं कोणी घातलं हो? किती दुष्ट माणूस असंल!"

मी म्हटलं, "सरकार आहे बाई. काय सांगावं!"

आदेश आल्यानंतरच्या रविवारी निघताना मुलीनं माझ्या हातात तीच वाटी दिली. आत खिचडी. "बाबांना पण दे," म्हणाली. घरी दोघांनी खाल्ली. खाली लागलेली होती, आणि मी पोळीच काय, एक घासही मोडून दिला नाही कुणाला. वाटी घासून पुसून ठेवली आणि मोठाच पेच पडला. रिकामी पाठवायची नाही. भरून पाठवायची तर सरकार आडवं.

शेवटी मॅडमना फोन लावला. आधी त्या बराच वेळ हसल्या.

"साखर चालेल, मावशी," म्हणाल्या. "शिजवलेली नसते ती."

तेव्हापासून दर रविवारी मी साखर नेते. वाटीवर शीग लावून.