नाव, काम आणि हवं काय

चहाच्या काचेच्या ग्लासावर चमचा दोनदा वाजायचा, टिंग टिंग, आणि उभा राहून बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून गप्प व्हायचा. "एक मिनिट. खलास," भाई म्हणायचे आणि चमचा पुन्हा बशीत ठेवायचे. मी एकदोनदा चोरून मोबाईलवर वेळ लावून पाहिली होती, कारण माझा स्वभाव मुळात खवचट. भाईंचं मिनिट कधीच बरोबर नसायचं. बोलणारा अडखळत असला की ते लांबायचं, आणि फुशारकी मारत असला की अर्ध्यातच संपायचं.

जेद्दातल्या शराफियात एक मलबारी हॉटेल आहे. वरच्या मजल्यावरचा पडदेवाला फॅमिली सेक्शन सकाळी रिकामा असतो. शुक्रवारी दुकानं दुपारच्या नमाजानंतर उघडतात, म्हणून सकाळी तिथे आमची बैठक भरायची. आमची म्हणजे रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरून येऊन इथे पोट भरणाऱ्यांची. परोटा आणि अंडाकरी झाली की एकेकाने उभं राहायचं आणि तीनच गोष्टी सांगायच्या: नाव, काम आणि हवं काय. मग ज्याला जमेल त्याने त्याला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. भाईंनी हे मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं. बाहेर यालाच नेटवर्किंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात, असं ते सांगायचे. आमच्यात ज्याचा त्याने नाश्ता भरायचा, एवढाच नियम. मी एका कार्गो कंपनीत बिलं करणारा पगारी माणूस. मला नेटवर्क कशाला लागतंय? मी परोट्यासाठी जायचो.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांना दुसऱ्याला सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. साधारणपणे ती मला सहन होत नाहीत. भाई सहन व्हायचे, कारण ते आधी स्वतःला सुधारत असत. बलदच्या जुन्या बाजारात, एका अरुंद गल्लीत त्यांचं बॅगांचं दुकान होतं. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, आलेले लोक परत जाताना सामान मावेना की तिथे यायचे. दुकान उघडून बॅगा बाहेर टांगताना भाईंच्या कानात हिंदी भाषणं चालू असायची, आत्मविश्वास कसा वाढवावा, पहिल्या भेटीत छाप कशी पाडावी. धुळीच्या गल्लीतही त्यांचे बूट पॉलिश केलेले. बॅग विकण्याआधी तिची चेन तीनदा पुढे-मागे ओढून दाखवायची, मगच किंमत सांगायची.

मी एकदा म्हणालो, "भाई, ती भाषणं म्हणतात स्वतःला विका. तुम्ही आधी बॅगा विका."

ते हसले. "कदम, बॅग विकतो तो सेल्समन. सोताला विकतो तो मालक."

या 'मालक' शब्दावर त्यांचा फार जीव होता. बैठकीत एक मुरूडचा शिंपी यायचा. अरबी झगे शिवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण उभा राहिला की त्याचं निम्मं मिनिट खाकरण्यात जायचं. शेवटी म्हणायचा, "मी एका दुकानात असतो."

"असतोस म्हंजे काय रे?" भाई विचारायचे. "भाड्यानं ऱ्हातोस तिथं? दुकान कुणाचं?"

शिंपी खाली बघायचा.

"सोताच्या तोंडानं सांग. आधी मालक म्हण, मग पुढचं बोल."

त्या शिंप्याला भाईंनी त्याच्याच दुकानातल्या आरशासमोर उभं करून महिनोन्‌महिने बोलायला लावलं. एका शुक्रवारी तो एका दमात म्हणाला, "मी दुकानाचा मालक, झगे शिवतो, मला शाळेचे गणवेश हवेत." टेबलावर टाळ्या पडल्या. त्याला गणवेशाचं काम मिळालंही. त्या दिवशी भाईंनी चमचा वाजवलाच नाही, आणि शिंपी बिचारा कधी बसायचं ते न कळून उभाच राहिला.

आता यात गोची काय ते सांगायला हवं. इथे परक्या माणसाने सौदी माणसाच्या नावावर स्वतःचं दुकान चालवणं हा गुन्हा आहे. मोठ्या भांडवलवाल्यांना रीतसर परवाना मिळतो. आमच्यासारख्यांना कुठून मिळायला? म्हणून दुकान कफीलच्या, म्हणजे आपला जामीन राहिलेल्या सौदी माणसाच्या, नावावर असतं. माल आपला, मेहनत आपली, तोटाही आपला. कफीलला दर महिन्याला ठरलेली रक्कम पोचवायची. इकाम्यावर, म्हणजे आपल्या राहण्याच्या ओळखपत्रावर, आपला हुद्दा सेल्समन. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. त्या टेबलावरचे बहुतेक जण असेच होते, आणि भाईही. म्हणूनच शिंपी 'असतो' म्हणत होता. तो लाजरा होता हे खरं, पण शहाणाही होता.

मी भाईंना म्हणालो होतो, "ते मालक-मालक जरा हळू. भिंतीला कान असतात."

"सगळ्या बलदला म्हायती हाय, कदम. दुकानातल्या मांजराला पण."

"मांजर कुणाला सांगायला जात नाही."

यावर त्यांनी मला मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत नववीला होती. शाळेत एक दिवस पालकांना बोलावलं होतं, आपापल्या कामाविषयी मुलांशी बोलायला. भाईंना ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. घरी येऊन विचारलं, तर मुलगी म्हणाली, "अब्बा, दे वॉन्ट प्रॉपर प्रोफेशन्स. तुम्ही सेल्समन आहात ना?" तिने मैत्रिणीच्या इंजिनियर वडिलांचं नाव दिलं होतं. रागाने नाही, सहज.

"मी तिला काय सांगनार?" भाई म्हणाले. "दुकान माझा हाय, पन कुनाला बोलू नको, असा सांगू?"

मला वाईट वाटलं. त्या शुक्रवारच्या हौसेमागे काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना गिऱ्हाईक नको होतं. त्यांना मुलीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

त्यांनी शेवटी तिला सांगितलंच. मग ती दर शनिवारी दुकानात येऊ लागली. तिच्या डोक्यात कल्पना आली की अब्बांच्या दुकानाचा व्हिडिओ करायचा, बरोबर एका मिनिटाचा. तो व्हिडिओ मी पुष्कळदा पाहिला आहे. सुरुवातीला तिचा आवाज, "मीट माय अब्बा." मग भाई, नवा शर्ट, खिशाला पेन, बॅगेची चेन तीनदा पुढे-मागे. मग थेट कॅमेऱ्यात बघून, "धिस इज माय शॉप. आय ॲम द ओनर. प्लीज कम." आणि शेवटी ती स्वतः त्यांच्या शेजारी येऊन उभी राहते आणि म्हणते, "माय अब्बा इज अ बिझनेसमन."

त्या शुक्रवारी भाईंनी तो सगळ्यांना दाखवला. आमचा 'जुम्मा नाश्ता' नावाचा एक ग्रुप होता, त्यावर टाकला. "पुढं ढकला," म्हणाले. "ज्याची जेवढी वळख, तेवढ्यांना. घरचा अभ्यास समजा." सगळ्यांनी ढकलला. मीही ढकलला. इतका गोड व्हिडिओ कोण अडवून ठेवील? त्यांचं स्वतःचं मिनिट आलं तेव्हा ते नुसते हसत उभे राहिले आणि बसले.

पुढे तो कुणी, कुठे, कशासाठी पाठवला हे कळलं नाही. भाईंनी शोधही घेतला नाही. थोड्याच दिवसांत दुकानावर तपासणी आली. शटर खाली आलं, त्यावर नोटीस लागली आणि भाईंना कफीलसह कचेरीत बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. अधिकारी तरुण होता, नीट बोलणारा. त्याने मोबाईल समोर धरून व्हिडिओ लावला. एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. विचारलं, "ही तुझी मुलगी?"

"हो."

"छान बोलते."

"मी शुक्रन म्हटलं, थँक्यू," भाई मला म्हणाले. "कदम, तोंडातून गेलाच. पोरीची तारीफ केली ना त्यानं."

मग अधिकाऱ्याने विचारलं, दुकानाचा मालक कोण. शेजारी कफील बसला होता, आत जाण्याआधीच त्याने पढवलं होतं. भाईंनी त्याच्याकडे बोट केलं. मी सेल्समन, म्हणाले. पोरीसमोर मोठेपणा मिरवावा म्हणून खोटं बोललो, असं लिहून दिलं आणि खाली सही केली. उपयोग काही झाला नाही. त्यांच्या फोनमध्ये माल देणाऱ्यांशी, भाडं घेणाऱ्याशी झालेलं सगळं बोलणं होतं, आणि ते सेल्समनचं बोलणं नव्हतं. कफीलने स्वतःची मान सोडवून घेतली, कशी ते त्यालाच ठाऊक. माल त्याच्याकडेच राहिला, कारण कागदावर तो त्याचाच होता. निकाल लागेपर्यंत भाईंना घरी सोडलं होतं. तेवढ्यात त्यांनी बायकोला आणि मुलीला दापोलीला पाठवून दिलं.

इकडे ग्रुपवर एकेक ओळ येऊ लागली: अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. पहिला शिंपी. लोकांनी नाश्त्याचे फोटो पुसले, भाईंचा नंबर पुसला. मला त्यांचा राग आला आणि अजूनही येतो, पण मी बोलणारा कोण? प्रत्येकाचं दुकान तसंच होतं, घरी तशीच पोरं होती. मी पगारी. माझं जाण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी राहिलो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी हॉटेलात गेलो. भाई वरच्या मजल्यावर नेहमीच्या खुर्चीवर होते. बूट पॉलिश केलेले. लांब टेबलावर आम्ही दोघंच. वेटरने विचारलं, "आज कितने?" भाई म्हणाले, "दो." परोटे आले. त्यांनी खाल्ले नाहीत.

"बरोबर केलं त्यांनी," ते म्हणाले. "मीच शिकवला असता."

मग त्यांनी चमचा माझ्या हातात दिला आणि उभे राहिले. मला वाटलं, गंमत करताहेत.

त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं आणि गावाचं नाव लावून, पूर्ण. मग म्हणाले, "काम, सेल्समन."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"हवं काय," ते म्हणाले. "व्हिडिओनं झाला, हे माझ्या पोरीला कधी कळता नये. ती समजते, भाडा परवडला नाय म्हनून दुकान सोडला. तिला तसाच समजू दे. एवढाच हवं, कदम. तुमच्याकडून."

माझ्या हातून चमचा वाजेना. डोळे भरून आले होते आणि मला ते लपवता येत नव्हतं. ते तसेच उभे. शेवटी म्हणाले, "वाजवा की."

मी वाजवला. "खलास," म्हणाले आणि बसले.

त्यांना काही महिने आत काढावे लागले आणि मग तिथूनच विमानात बसवलं. कामासाठी या देशात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. मुलीला सांगितलं होतं, अब्बा हिशेब मिटवायला मागे राहिलेत. बलदची ती गल्ली आता झकास दिसते. जुन्या लाकडी सज्ज्यांना रंग दिलाय, पर्यटक फोटो काढतात. दुकानात दुसराच माणूस आहे. त्याला मी विचारलं नाही की मालक कोण.

मागच्या रजेत मी दापोलीला गेलो. एसटी स्टँडजवळ त्यांच्या पुतण्याचं बॅगांचं आणि छत्र्यांचं दुकान आहे, तिथे ते उभे होते. केस पांढरे झालेत, पायात चपला. एक बाई शाळेचं दप्तर बघत होती. त्यांनी चेन तीनदा ओढून दाखवली. ती म्हणाली, "मालक, जरा कमी करा की."

"मालक गल्ल्यावर बसलेत. त्यांना विचारा. मी सेल्समन," भाई म्हणाले. काही न अडखळता.

संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. मुलगी आता कॉलेजात आहे, मोबाईलवर निरनिराळे कोर्स करते. मला पाहून तिला फार आनंद झाला. काचेच्या ग्लासांतून चहा आणला आणि समोरच बसली. "अंकल, तुम्ही तरी सांगा अब्बांना. मी नोकरीसाठी प्रोफाइल बनवतेय, त्यावर मला तो शॉपचा व्हिडिओ टाकायचाय. अब्बा नको म्हणतात. इट वॉज सो गुड ना?"

"चांगला होता," मी म्हणालो. खरंच होता.

"मला अजून वाटतं, अंकल, आपण तो नीट शेअरच नाही केला. जास्त लोकांपर्यंत गेला असता ना, तर गिऱ्हाईक वाढलं असतं. मग दुकान बंद करावंच लागलं नसतं." तिने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सच बोलिए, आपने कितनों को भेजा था?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो, मला आजही माहीत नाही.

टिंग टिंग.

भाईंच्या हातात चमचा होता. "एक मिनिट," ते म्हणाले. "खलास."

ती हसली. "बघा, यांची ही सवय काही जात नाही," म्हणाली आणि रिकामे ग्लास उचलून आत गेली.