आप्पांचं नाव कोण घेणार

आत्या होणं हे एक काम आहे, आणि ते मला कुणी विचारून दिलेलं नाही. धाकट्या भावाला मुलगा झाला आणि बारशाच्या आधीचा आठवडाभर मी रोज शाळा सुटली की होटगीहून थेट जुळे सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटवर. पाय सुजलेले, शिकवून शिकवून घसा बसलेला, आणि दारातच भाऊ मोबाईल पुढे करणार, "ताई, हे बघ."

नाव दोन अक्षरी. वेबसाइटवर सगळं लिहिलेलं. अर्थ तेजस्वी, या नावाची मुलं शांत, हुशार, पुढारपण करणारी, शुभ रंग निळा, सध्या फार लोकप्रिय. मी म्हटलं, "अरे बाबा, या नावाची दोन रत्नं माझ्याच वर्गात आहेत. एक खडू खातो आणि दुसरा कायम वर्गाबाहेर उभा असतो. शांत म्हणे!"

भावजय हसली. भाऊ नाही हसला. खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. नोकरीला लागले तेव्हा ग्रामदैवताचं नाव पुकारलं की निम्मा वर्ग 'हजर' म्हणायचा, आता ही दोन अक्षरी. नावावरून पोराचा स्वभाव मला तरी कधी कळला नाही. ठेवा काय ठेवायचं ते, आणि मला घरी जाऊ द्या, एवढंच माझं म्हणणं.

आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ती मान वर न करता म्हणाली, "ह्यांचं बघ की त्यात."

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे तिचं जुनं वळण. भावानं टाइप केलं. आप्पांचं नाव वैरागकडचं, आमच्या गावच्या देवाचं, मागं 'बा' लावलेलं. चाक फिरत राहिलं, मग आलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

"काय म्हणतंय?"

"काही नाही आई. रेंज नाही."

खोटं बोलला ते बरंच केलं. गावाकडे म्हणतात, त्या नावाचा माणूस हट्टी निघतो. आप्पा कसले हट्टी! आमटीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट जेवायचे. हट्टी होती ती आई. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, नातवाला आजोबाचंच नाव पाहिजे.

शेवटी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिच्यावर चिडलेच. "आई, पोर त्यांचं आहे, त्यांना ठेवू दे. कशाला सगळ्यांचा जीव काढतेस? मी दमलेय गं."

पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "तुला काय ठाव. हळदीकुकवाला, डोहाळजेवणाला बाया म्हणायच्या, नाव घ्या, नाव घ्या. तेवढंच तोंडात यायचं बघ. लांबलचक उखाणा घ्यायची मी, मुद्दाम. आता मला कोण म्हणतंय नाव घ्या म्हणून? ते गेल्यापासनं एकदा बी न्हाय घेतलं. पोराला ठिवलं तर दिवसभर हाका तरी मारीन की. नातवाला हाक मारायला कोण आडवं येतंय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचे ते लांबलचक उखाणे सुरू झाले की मी लहानपणी लाजून बाहेर पळायची. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण रडायचंही त्राण नव्हतं. मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या.

भाऊ-भावजयीशी मीच बोलले. कागदावर तुमचं, पाळण्यातलं आप्पांचं. भाऊ कुरकुरला, "पोरं चिडवतील की." भावजयच म्हणाली, "पाळण्यातलं नाव शाळेत कोण विचारतंय? ठेवा ताई, आईंना बरं वाटेल." बारशाला मी बाळाच्या कानात दोन्ही नावं सांगितली, बायकांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मी घरी येऊन जी पडले ती दुसऱ्या दिवशीच उठले.

पुढच्या रविवारी गेले तर भाऊ बाहेर, भावजय आत झोपलेली. आई पाळण्याजवळ बसली होती. बाळ जागं होतं. चपला काढता काढता मी विचारलं, "काय, चालल्यात का हाका?"

"न्हाय गं," ती म्हणाली. "निघतच न्हाय. सकाळधरनं बसलेय. तोंड उघडतंय आणि 'बाळा'च येतंय. इतक्या वर्षांचं वळण, मोडंना."

अगं बाई! एवढा आटापिटा, सगळ्यांची मनं सांभाळणं, आणि हे असं! मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तू म्हण की," ती म्हणाली. "मी ऐकते."

मी? बापाला नावानं हाक मारायची? आमच्या घरात ते नाव घ्यायची ती फक्त बाहेरची माणसं. बारशाला कानात पुटपुटले होते ते वेगळं. पण तिच्या तोंडाकडे बघवेना. मी पाळण्याची दोरी धरली आणि आप्पांच्या नावानं हाक मारली. आवाज चिरकला, माझा मलाच ओळखू येईना.

बाळानं जांभई दिली. आई पाळण्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे दाराकडे लागले होते.

"जरा मोठ्यानं म्हण," ती म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतंय."