चौदा नंबरची खुर्ची

पैठणच्या तनुजाला कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नसे, आणि कुणाचं निमूट ऐकणं तर त्याहून जमत नसे. मान होकाराची हलवायची आणि करायचं मनाचं. एवढ्या भांडवलावर ती छत्रपती संभाजीनगरात प्रोग्रामर झाली.

औरंगपुऱ्यातल्या सांडूमामांच्या अभ्यासिकेचं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलेलं. स्पर्धा परीक्षावाल्या साठ जणांच्या खुर्च्या त्यात. नोंद घालायची, शोधायची, बदलायची, काढून टाकायची, एवढंच काम. डेटाबेसमधली नोंद प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट होऊन, म्हणजे तात्पुरती प्रत बनून, हाताशी येते. तिच्यातलं नाव बदललं की पडद्यावर लगेच नवं दिसतं. पण 'सेव्ह' केल्याशिवाय मूळ नोंदीला त्याचा पत्ताही लागत नाही. ही फट तनुजाला फार आवडायची.

मे महिन्यात चौदा नंबरची, थेट कूलरसमोरची खुर्ची करुणाकडे होती. घरी एका खोलीत सहा माणसं, परीक्षेला बारा दिवस, आणि वयाच्या अटीमुळं ही शेवटची संधी. नेमकी तीच खुर्ची आपल्या लेकाला, सत्यमला हवी म्हणून मामांची थोरली बहीण मनकर्णाबाई तिकडं पाचोडला हट्ट धरून बसली. सत्यम अभ्यासिकेत यायचा तो झोपायला. पण बहिणीपुढं बोलायची मामांची टाप नव्हती. त्यांनी तनुजाला बोलावून नाव बदलायला सांगितलं.

तिनं 'हो मामा' म्हणून चौदाची नोंद उघडली, करुणाच्या जागी सत्यम लिहिलं, पडद्यावर दाखवलं. सेव्ह तेवढं केलं नाही. दुसऱ्या दिवशी डेटाबेसमधून छापून दारावर लावलेल्या यादीत पुन्हा करुणाच. असं तीनदा झालं. सत्यमला कुठंही झोप लागत असल्यानं त्याची तक्रार नव्हती; ती फोनवरून पाचोडहून यायची.

चौथ्या दिवशी मामा यादी घेऊन समोर येऊन बसले, तेव्हा आपलं बिंग फुटलं हे तनुजानं ओळखलं. आपलं काम जाईल याची तिला फिकीर नव्हती. करुणाची खुर्ची जाणार, याचं मात्र मनापासून वाईट वाटलं.

मामांनी चष्मा पुसला. मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, "उद्या आक्का खुद्द येणार हाय. तिच्यादेखत नाव बदलून दाखव."

तनुजानं सवयीनं मान हलवली.

"आन् रोज करती तसंच कर, पोरी," मामा म्हणाले. "न्हाईतर आक्काच्या धाकानं चुकून सेव्ह करशील."