बनियनवरचे डाग

धाकट्या भावाला क्षय झाला तेव्हा तो हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकता चिकटला होता आणि अमेरिकेची स्वप्नं बघत होता. नारायण पेठेतल्या आमच्या घरात त्या आजाराचं नाव काढायला बंदी होती. 'अशक्तपणा' म्हणायचं, असं आईने ठरवलं. भिंतींनाही कान असतात म्हणतात. आमच्याकडे शेजारी होते, ते पुरेसे होते.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. हा जंतू किती लबाड, ते मला तोंडपाठ होतं. शरीरातली पहारेकरी पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिच्यात तो पाचक रस पोचूच देत नाही आणि पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. औषध अर्धवट घेतलं तरी माणसाला बरं वाटतं, आत मात्र काही जंतू दबा धरून असतात. वर्गात हे मी रंगवून सांगायचे. घरी तेच आठवून जीव उडून जायचा.

भावाच्या गोळ्यांपैकी एकीने लघवी, घाम, सगळं नारिंगी व्हायचं. बनियन काखेत डागाळायचे. आईच्या दोरीवरचे कपडे म्हणजे आळीत पांढरेशुभ्र. ती ते डाग घासून घासून कावायची.

एका सकाळी ती दोरीपाशी खुशीत म्हणाली, "बघ गं, डाग गेले! बरा झाला माझा लेक."

मी तडक त्याच्या गोळ्या मोजायला गेले.

संध्याकाळी भावाला विचारलं, गोळ्या बंद केल्यास का, तर तो हसला. "ताई, खोकला थांबला, वजन वाढलं. इश्यू क्लोज्ड! आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये लोक बघतात गं."

"क्लोज्ड? अरे, क्षय आहे तो! तुझ्या छातीत अजून बसलाय!" मी किंचाळले.

आई घाईने खिडकी लावायला उठली आणि अर्ध्यातच थांबली. "म्हणजे ते डाग जायला नको होते?"

खिडकी उघडीच राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जुन्या गोळ्या आता लागू पडतील का, हे तपासण्यांचे निकाल आल्याशिवाय ते सांगेनात. अमेरिका बारगळली. मी रोज मनातल्या मनात चरफडायचे, त्याच्यावर आणि स्वतःवरही.

मग एकदा आईने धुवायला घेतलेला बनियन उजेडात धरला. काखेत पुन्हा नारिंगी डाग होता. तिने तो घासला नाही. तसाच पिळून, शेजारच्यांना दिसेल असा दोरीवर टाकला आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.