कपिलेकाठचा व्हळ

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत बाळंतविडा होता, हाताने शिवलेली कुंची होती, आणि डोक्यात एकही नाव नव्हतं. म्हैसूरला माझ्या मामेभावाच्या, प्रशांतच्या, लेकीचं बारसं होतं. त्याला सख्खी बहीण नाही. त्यामुळे आत्या मीच, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मानही माझाच.

माझ्या आईचं माहेर म्हैसूरचं. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून गेले आणि तिथलेच झाले. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्या घरात मामी, प्रशांत, त्याची बायको सुमना आणि हे बाळ. घर बन्नीमंटपाच्या मैदानामागच्या गल्लीत. रिक्षातून उतरले तर मामी फाटकातच उभी होती.

“बा गे शैला, बा (ये)! प्रयाण (प्रवास) कसं झालं? ऊटा करून घे अगोदर (जेवून घे), मग बोलू.”

तीही म्हैसूरच्याच मराठी शिपायांच्या घराण्यातली; तिची मराठी अशीच. घरात मराठी बोलायची हा तिचा नेम, पण वाक्य मध्येच कन्नडच्या अंगणात जाऊन येतं. तिने वाढलेली अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची, कांदा-मिरची घालून थापलेली जाड भाकरी) मी खात होते, तेवढ्यात तिने खुर्ची जवळ ओढली.

“शैला, तू आत्या. तू सांगशील तेच नाव. अंबिका सांग. आमच्या देवीचं.”

“सुमनाला काय हवंय?”

मामीने तोंड वाकडं केलं. “कपिला! अय्यो, कपिला म्हंजे गाय की गे! पोरीला काय गोठ्यात बांधायची?”

दुपारी मामी पडली, तशी सुमना बाळाला खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आली. ती कन्नड घरातली, नंजनगूडजवळच्या गावची. मराठी सावकाश, शब्द शोधत बोलते.

“अक्का, कपिला आमची होळे (नदी). गावाच्या मागून जाते. अम्मा गेली मागच्या वर्षी. तिला आम्ही तिथेच सोडलं, कपिलेत.” तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “अत्तेंना (सासूबाईंना) मी सांगितलं नाही हे. त्यांनी माझं सगळं केलं. न्हाऊ घातलं, शेक दिला. अम्मा असती तर तिनेही एवढंच केलं असतं. मग मी हट्ट कसा करू?”

मला दोघींचीही दया आली, आणि स्वतःचीही. पाळण्याशी उभं राहून मी एकीचं नाव घेणार आणि दुसरी गप्प बसणार. रात्रीच्या जेवणाला मी आपली अक्कल चालवली. म्हटलं, नदी नको, देवी नको, ‘झरी’ ठेवूया. मराठीतही झरी म्हणजे छोटासा झरा, आणि कन्नडमध्येही तसाच शब्द आहे असं मी ऐकलं होतं.

प्रशांतचा घास घशात अडकला. सुमना मान खाली घालून हसू लागली. मामी म्हणाली, “शैला, इथे लोक ‘जरी’ म्हणतील. जरी म्हंजे गोम! शंभर पायांची!”

निदान त्या निमित्ताने दोघी एकदम हसल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनाला गंगेपूजेला जायचं होतं. बाळंतपणानंतर आईने पाण्याची पूजा करायची, असा तिकडचा रिवाज. बहुतेक जणी घरातल्या नळाला नाहीतर आडाला हळदकुंकू वाहतात. सुमनाने कपिलेवर जाऊ का म्हणून विचारलं. मामी म्हणाली, “सुम्ने (उगाच) एवढं लांब?” आणि मग स्वतःच सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. बाळाला ऊन लागेल, पाहायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं.

कडकोळच्या कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या, तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताचे हिरवे तुकडे दिसू लागले. एका टपरीवर प्रशांतने नंजनगूडची रसबाळे घेतली. बोटाएवढी केळी, सालीसकट वास येणारी. मामीने केळं कुस्करून बोटाचं टोक बाळाच्या ओठाला लावलं आणि सुमनाने पाहायच्या आत पदराने पुसून टाकलं.

सुमनाचं माहेरचं घर बंद होतं. ती दारापाशी थांबली नाही. घरामागच्या पायवाटेने आम्ही नदीकडे उतरलो. वाटेत पाण्याची एक बारीक धार आडवी आली. मी ऐटीत उडी मारायला गेले आणि पाय चिखलात रुतला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. जोर लावून ओढली तर ती हातातून सुटून थेट पाण्यात पडली आणि होडीसारखी निघाली. सुमनाने बाळ मामीच्या हातात दिलं, साडी खोचली आणि धारेच्या कडेने धावली. आम्ही मागून. पण चप्पल आमच्या देखत कपिलेत शिरली, एक गिरकी घेतली आणि गेली.

“गेली होळेत,” सुमना धापा टाकत म्हणाली. तिला मी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

तिने काठावर हळदकुंकू वाहिलं, फुलं सोडली. नदी रुंद, मातकट, आवाज न करता चाललेली. सुमना पाण्याकडे बघत कन्नडमध्ये काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मामीला कळलं. मी मामीकडे पाहिलं तर तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं.

“काय म्हणाली?” मी हळूच विचारलं.

“आईला सांगते आहे. ‘अम्मा, बघ, हिला आणलंय.’” मामीने बाळाच्या डोक्यावर पदर ओढला. “मला बोलली नाही गे ही कधी, की आई इथे आहे.”

परत येताना त्या धारेपाशी सुमना थांबली. मला म्हणाली, “अक्का, याला आम्ही तोरे म्हणतो. तुम्ही काय म्हणता?”

“ओहोळ,” मी म्हणाले. “आमच्या गावाकडची माणसं व्हळ म्हणतात.”

मामी जागच्या जागी उभी राहिली. “काय म्हणालीस?”

“व्हळ.”

“हे? एवढंसं पाणी?”

“हो. का गं?”

मामी बांधावर बसली. बाळ तिच्या मांडीवर. “माझी आजी म्हणायची, ‘आमचा गाव व्हळाच्या अंगाला.’ तिला तिच्या आजीने सांगितलेलं. मी विचारलं, व्हळ म्हंजे काय? तिला माहीत नव्हतं. आम्ही शिपायांची जात, मला वाटलं, व्हळ म्हंजे किल्ला असेल. मोठा, बुरुजांचा. शाळेत सगळ्यांना सांगायची मी, आमच्या गावाला किल्ला आहे!”

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. सुमना तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, “अत्ते, हे कुठून येतं ते बघायचं?”

आम्ही धारेच्या उलट दिशेने चाललो, मी एका चपलेवर. लांब नव्हतं. करंजाच्या झाडाखाली जमीन ओली होती आणि मुळांमधून पाणी दिसेल न दिसेल असं बाहेर येत होतं.

“ओरते,” सुमना म्हणाली.

“पाझर,” मी म्हणाले.

मामी वाकली. दोन्ही शब्द तिने एकदा पुटपुटले, बोटं ओली केली आणि बाळाच्या कपाळाला लावली. परतीच्या गाडीत ती पुढे बसली. म्हैसूर जवळ आलं तेव्हा मागे न वळता म्हणाली, “आमच्या लोकांनी एवढ्याशा पाण्याचं नाव इतक्या पिढ्या धरून ठेवलं, अर्थ हरवला तरी. हिची तर पूर्ण नदी आहे. शैला, उद्या कपिला सांग.”

सुमनाने पुढे वाकून सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मामीने तो थोपटला आणि बाळाला दूध कधी पाजलंस म्हणून खडसावलं.

बारशाला अख्खी गल्ली आली. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं आणि मी तिच्या कानाशी तोंड नेलं. तिने माझा कान पकडला. मी नाव सांगितलं.

दोन दिवसांनी परत निघाले, पायात मामीच्या चपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरज जवळ आलं तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले. आईचा विचार मनात होता. ती लग्न होऊन याच वाटेने आली असणार. नवं गाव, नवं पाणी. मनातल्या मनात त्या पाण्याला ती कोणत्या शब्दाने हाक मारत होती, कोण जाणे. आमच्याकडे ती सगळं आमच्याच शब्दांत बोलली.

गाडी पुलावर आली. शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, हुबळीकडची असावी. खाली बघत तिने विचारलं, “इदु याव होळे?”

मला कन्नड येत नाही. पण हे कळलं.

“कृष्णा,” मी म्हणाले.

तिने हात जोडले. मग मीही जोडले.