खिचडीनंतरचा तास

"वाच बाळ," साहेब म्हणाले. सानिकाने पुस्तकाकडे पाहिलं आणि भली मोठी जांभई दिली.

साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारे. "सर, हिला अप्रगत गटात टाकावं लागेल. पुढच्या महिन्यात येतो, तेव्हा नक्की करू."

मागे पडलेल्या मुलांचा हा गट. एकदा त्यात गेलं की मूलही मान्य करून टाकतं, आपण ढ.

मी नेऱ्याच्या शाळेत तिसरीला शिकवतो. बायको गव्हाणच्या शाळेत, तिसरीलाच. पुस्तक तेच, खिचडी तीच. पण तिची मुलं धडाधड वाचतात, आणि ती हे रोज जेवताना सांगते. त्या रात्री मी आमटीत मीठ जास्त झाल्याचं दोनदा सांगितलं. झालं नव्हतं.

"अहो, तोंड का फुगलंय?"

"तुझी मुलं मुळातच हुशार आहेत."

"वाचन कधी घेता तुम्ही?"

"पहिल्या तासाला. तेव्हा डोकं ताजं असतं."

"कुणाचं?"

घरून निघताना मी दोन बशा पोहे खाऊन निघतो.

"मी खिचडीनंतर घेते," ती म्हणाली.

"जेवल्यावर झोप येते."

"तुम्हाला येते."

सकाळी सानिकाला विचारलं, काय खाऊन आलीस? तिचे आईवडील फार्महाऊसवर कामाला.

"चाय. आय लवकर गेली कामाला. भाकर नाय केली."

रोज पहिल्या तासाला ती "सर, डोकं दुखतंय" म्हणायची. मला तो बहाणा वाटायचा.

मग सकाळी गाणी-चित्रं, आणि वाचन खिचडीनंतर. खिचडी हे आपलं बोलायचं नाव. कधी वरणभात असतो, कधी उसळ. सानिका दोनदा वाढून घ्यायची, आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला बसायची. डोकेदुखी त्या तासाला कधीच आली नाही. डुलक्या मीच काढायचो, उभ्याउभ्या.

साहेब पुन्हा आले ते सकाळीच. "आधी मुलांबरोबर जेवून घ्या," असा आग्रह करून मी त्यांना दुपारपर्यंत थांबवलं, पंगतीत बसवलं. नंतर सानिकाने अख्खं पान वाचलं. जोडाक्षरांना अडखळली, पण थांबली नाही. जांभई या वेळी साहेबांनी दिली.

"नाव राहू द्या गटाबाहेर. छान वाचतेस गं. कशी काय सुधारलीस?"

मी शर्ट नीट केला.

"आता जेवून वाचते ना," सानिका म्हणाली.

घरी बायकोने विचारलं, "मग? कुणामुळे जमलं?"

"खिचडीमुळे," मी म्हणालो.

हल्ली मी इतर शिक्षकांना सांगत असतो, मुलांचं डोकं ताजं आहे का, हे आपण पोहे खाऊन ठरवू नये. ही कल्पना मूळची कुणाची, हे सुदैवाने अजून कुणी विचारलेलं नाही.